एक टोप, एक तवा: मालवणातील गजबजलेल्या खानावळीत कोळंबीची ॲलर्जी असलेला मुलगा

पार्श्वभूमी

शाळांना नाताळची सुट्टी लागली की पुणे, कोल्हापूर आणि मुंबईकडून मालवणात येणाऱ्या कुटुंबांचा ओघ सुरू होतो. सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्लीचा किनारा यांच्या जोडीला एखाद्या नावाजलेल्या घरगुती खानावळीतील मासळीचे जेवण त्यांच्या बेतात हमखास असते. या प्रकरणातील कुटुंब पुण्याचे, तीन पिढ्यांचे आणि अकरा माणसांचे होते. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचा आणि खानावळीचा काही तपशील इथे बदलला आहे. घटनांचा क्रम आणि त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

कुटुंबातील तिघांच्या जेवणाबाबत विशेष काळजी घ्यावी लागे. आजोबांना मधुमेह होता आणि त्यांच्या गोळ्या अशा प्रकारच्या होत्या की जेवण लांबले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. एक काकू शाकाहारी होत्या. तिसरा नऊ वर्षांचा मुलगा. त्याला कोळंबीची ॲलर्जी असल्याचे दोन वर्षांपूर्वी निदान झाले होते. पहिल्या खेपेला अंगावर पित्त उठण्यापलीकडे काही झाले नव्हते, पण दुसऱ्या खेपेला ओठ सुजले होते. सुरमई, पापलेट, बांगडा हे मासे तो लहानपणापासून खात आला होता आणि ते खायला डॉक्टरांची हरकत नव्हती. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि अशा रुग्णांची ॲलर्जी बहुधा त्यालाच असते. माशांची ॲलर्जी मुख्यतः पारव्हाल्ब्युमिन या वेगळ्या प्रथिनाची असते. त्यामुळे कोळंबी वर्ज्य असलेल्या माणसाला मासे निर्धोकपणे खाता येणे यात वैद्यकीय विसंगती काहीच नाही. नातेवाइकांना मात्र ती नेहमी विसंगती वाटते, आणि ‘मासा चालतो तर मग कोळंबीचे एवढे काय’ हा प्रश्न या घरातही अनेकदा विचारला गेला होता.

आईच्या पर्समध्ये खाज आणि पित्तावरचे औषध कायम असे. ॲड्रेनालिनचे, म्हणजे तीव्र ॲलर्जीवर तातडीने द्यायचे इंजेक्शन जवळ नव्हते. कोळंबी चुकून पोटात गेली आणि त्वचेखेरीज श्वास किंवा पोट यांपैकी कशाचाही त्रास सुरू झाला, तर वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठायचे, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. तो कागद आईच्या मोबाइलमध्ये फोटो करून ठेवलेला होता. घरातील इतर नऊ मोठ्या माणसांपैकी तो कोणीही वाचलेला नव्हता.

खानावळ आणि तिचे स्वयंपाकघर

ही खानावळ म्हणजे मूळच्या घराची पडवी वाढवून केलेली आठ टेबलांची जागा. बाहेर दोन बाकडी, खांबाला दोऱ्याने बांधलेली नाव लिहायची वही, आणि फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवसाची मासळी. सुरमई आणि पापलेटच्या पुढे आकड्याऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’. साडेबाराला पहिली पंगत बसते आणि मासळी संपली की पाटी उलटी होते. रांधण्याचे काम मालकीणबाई आणि गावातील दोन बायका करतात, वाढायला परराज्यातून आलेली तरुण मुले आहेत आणि गल्ल्यावर मालक बसतात.

पुढे जे घडले त्याचे मूळ स्वयंपाकघराच्या मांडणीत असल्यामुळे ती नीट सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक थाळीत जाणारी आमटी एकाच मोठ्या टोपात होते. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद यांचे वाटप, वरून तिरफळे आणि आमसुले, हे सर्वत्र असते तसेच. पण या खानावळीच्या आमटीची जी ख्याती आहे ती फोडणीमुळे. सकाळी साफ केलेल्या कोळंबीची डोकी लसणाबरोबर तेलात परतून घेतात, तेलाला नारिंगी रंग उतरला की त्यावर वाटप घालतात, आणि ती डोकी रस उतरत राहावा म्हणून टोपाच्या तळाशी तशीच ठेवतात. वाढताना पळी वरच्या वर फिरते, त्यामुळे ताटात डोके कधी येत नाही आणि सुरमई थाळी मागवणाऱ्याला आपल्या आमटीत कोळंबी आहे याची कल्पनाही येत नाही. चव मात्र आवडते आणि लोक दुसरी वाटी मागतात.

तळणीचे तसेच. चुलीएवढ्या रुंद लोखंडी तव्यावर पुढच्या बाजूला सुरमईचे तुकडे आणि मागच्या बाजूला कोळंबी, दोन्ही एकाच उलथण्याने उलटली जातात आणि दोन्ही एकाच परातीतल्या रव्यात घोळवलेली असतात. शिवाय थाळीच्या कडेला सुकटाची किसमूर असते, म्हणजे भाजलेली सुकी बारीक कोळंबी, कांदा आणि खोबरे. ती मागावी लागत नाही, प्रत्येक ताटात आपोआप पडते.

यात गैर काही नाही. रोज दीडदोनशे माणसे तीन तासांत जेवून उठवायची तर एक टोप आणि एक तवा याला पर्याय नाही, आणि लोक दुरून येतात ते याच आमटीसाठी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीकारक घटक लिहावे लागतात आणि कवचधारी जलचर त्या यादीत आहेत. पण जेवण देणाऱ्या ठिकाणांपैकी ही अट केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्यांना लागू होते. आठ टेबलांच्या घरगुती खानावळीच्या फळ्यावर अशी माहिती असण्याची अपेक्षा कायद्यानेही केलेली नाही. तेव्हा ती मिळवायची जबाबदारी जेवायला येणाऱ्यावरच येते.

अडचण

कुटुंब सव्वा वाजता पोहोचले तेव्हा वहीत त्यांच्या आधी चौदा नावे होती. अकरा माणसांना एकत्र बसवायचे तर तीन टेबले एकाच वेळी रिकामी होणे आवश्यक होते, म्हणजे किमान एक तास. आजोबांची जेवणाची वेळ एकची होती. किल्ल्यावर जाणारी होडी दुपारनंतर गाठायची होती. मुलगा पहाटेपासून प्रवासात होता आणि त्याला सुरमई हवी होती.

अशा वेळी लक्ष घड्याळाकडे जाते. नंतर घरातल्या सर्वांशी बोलताना असे आढळले की त्या पाऊण-एक तासात रांग, आजोबांची साखर, होडी आणि टेबले या चारच विषयांवर चर्चा झाली. मुलाच्या ॲलर्जीचा विषय कोणीच काढला नाही, कारण ‘त्याला सुरमई द्यायची’ हे ठरलेले असल्यामुळे तो प्रश्न सुटला आहे असे सर्वांनी धरले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा. दुसरा, बाजाराकडच्या छापील मेनू असलेल्या मोठ्या हॉटेलात जाण्याचा. तिथे गर्दी कमी होती आणि प्रत्येक भाजी-आमटी वेगळी करून देतात, पण आजी-आजोबांना मालवणात येऊन पनीर आणि तंदुरी रोटीच्या वासात बसायचे नव्हते. तिसरा, पार्सल घेऊन मुक्कामाच्या ठिकाणी जेवण्याचा, जो खानावळीनेच नाकारला. गर्दीच्या दिवसांत ते पार्सल देत नाहीत. चौथा पर्याय मुलाच्या आईने सुचवला होता: आजोबा, शाकाहारी काकू, मुलगा आणि आपण स्वतः असे चौघे मुक्कामाच्या घरी परत जाऊ, तिथल्या बाई साधे जेवण करून देतात, आणि बाकीचे इथे जेवतील. हा पर्याय वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत सुरक्षित होता, पण सुटीत एकत्र जेवायला आलेल्या कुटुंबाचे दोन तुकडे करणे कोणालाच पटेना, आणि मुलाचा चेहरा पाहून तिने स्वतःच तो मागे घेतला.

शेवटी थांबायचे ठरले. आजोबांना बाकड्यावर बसवून केळी आणि बिस्किटे दिली, आणि त्यांची गोळी ताट समोर आल्यावरच घ्यायची असे आईने ठरवले. हा निर्णय योग्य होता आणि त्या आघाडीवर पुढे काहीही बिघडले नाही.

त्याच निर्णयाचा एक परिणाम मात्र कोणाच्या लक्षात आला नाही. आजोबांजवळ बसायचे म्हणून आई बाहेर राहिली आणि ऑर्डर द्यायला काका आत गेले. एरवी मुलाच्या जेवणाची चौकशी आईच करत असे. कोणते प्रश्न विचारायचे, उत्तर कसे ऐकायचे हे तिला अनुभवाने ठाऊक होते. ते ज्ञान तिच्यापाशी होते, कुटुंबापाशी नव्हते, आणि ती जागेवरून हलताच ते साखळीतून गळून पडले.

काकांनी काही सांगितले नाही असे नाही. त्यांनी गल्ल्यावर म्हटले, “एक सुरमई लहान मुलासाठी आहे, त्याला कोळंबी चालत नाही.” मालक म्हणाले, “काही हरकत नाही, सुरमईच देऊ.” दोघांचेही बोलणे प्रामाणिक होते. गल्ल्यावर दिवसभर याच शब्दांत मागण्या येत असतात: कोणाला खेकडा चालत नाही, कोणाला आज वार आहे, कोणाला तिसऱ्यांची (शिंपल्यांची) वाळू दाताखाली आली की किळस येते. त्या सगळ्यांचा अर्थ ताटात तो पदार्थ नको एवढाच असतो आणि मालकांनी तो तसाच घेतला. काकांनी ताटाबद्दल विचारले आणि त्यांना ताटाबद्दलचे बरोबर उत्तर मिळाले. टोपाचा विषय निघालाच नाही.

ताटे आल्यावर

दोन वाजून दहा मिनिटांनी जागा मिळाली. ताटे आली ती एकदम, आणि वाढणाऱ्या मुलाने सुरमईच्या ताटांत आमटी, भात, सोलकढी, तळलेला तुकडा आणि किसमूर असे नेहमीसारखे वाढले. आई त्या क्षणी आजोबांना पायरीवरून आत आणत होती. आजीने मुलाला भात कालवून दिला. त्याने दोन घास खाल्ले.

आई आली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली ती किसमूर. तिने वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा तो अजिबात न गडबडता म्हणाला की ती काढून टाकतो, आणि ताट उचलूही लागला. इथे पहिला खऱ्या अर्थाने कठीण निर्णय घ्यायचा होता. काकांचे म्हणणे होते की किसमूर ताटाच्या कडेला आहे, भाताला लागलेली नाही, ती काढली की झाले. मागे रांग उभी आहे आणि पोर भुकेले आहे. आईने ताट परत येऊ दिले नाही आणि आत जाऊन रांधणाऱ्या बाईंशीच बोलायचे ठरवले.

या निर्णयामागचा तिचा विचार नोंदवण्यासारखा आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे, ज्या स्वयंपाकघराला किसमूर ‘कोळंबी’ वाटली नाही त्याला आणखी काय काय कोळंबी वाटत नसेल, हा प्रश्न त्या क्षणी तिच्यापुढे उभा राहिला. ताटातील दिसणाऱ्या चुकीवरून न दिसणाऱ्या चुकीचा अंदाज बांधणे, हे या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते असे माझे मत आहे.

मालकीणबाईंनी चुलीसमोरून न हलता सगळे ऐकून घेतले. आईने या वेळी वेगळ्या शब्दांत विचारले: “काकी, कोळंबी पोटात गेली तर याला दवाखान्यात न्यावे लागते. या आमटीच्या टोपात कोळंबी कुठल्याही रूपात गेली आहे का?” त्या एकदम गंभीर झाल्या. “गो बाय, टोपात सुंगटांची टकली सकाळपासून आसत. ह्या आधी सांगूक होया होता.” मग त्यांनी न विचारताच तवाही दाखवला. मुलासाठी त्या ताबडतोब वेगळ्या भांड्यात कुळथाची पिठी करायला निघाल्या. पिठी आणि भात दहा मिनिटांत होईल, आणि भाताचा टोप तर स्वतंत्रच असतो. योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला की उत्तर मिळायला अर्धे मिनिटही लागले नाही.

पण दोन घास पोटात गेले होते. कोळंबी उकळली तरी ट्रोपोमायोसिन नष्ट होत नाही, उलट त्यातील बरेच पाण्यात उतरते. म्हणजे आमटीत डोके दिसले नाही तरी ॲलर्जी उठवणारे द्रव्य प्रत्येक पळीत असते. आई टेबलापाशी परतली तेव्हा मुलगा ओठ चोळत होता आणि तोंडाभोवती लाल गांधी उठू लागल्या होत्या.

थांबायचे की निघायचे

आईने लगेच औषध दिले. ते दिल्यावर टेबलावर दोन मते पडली. काकांचे आणि आजीचे मत असे की मागच्या खेपेला याच औषधाने उतरले होते, तेव्हा अर्धा तास पाहावे. आजीने असेही म्हटले की थोडे थोडे खाल्ल्यानेच सवय होते. घरोघरी हे वाक्य ऐकू येते आणि खाण्याच्या ॲलर्जीच्या बाबतीत घरच्या घरी असा प्रयोग करणे सरळसरळ धोक्याचे आहे. वडील संभ्रमात होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पित्त बसले तर उगीच धावपळ केल्यासारखे होईल, असे त्यांना वाटत होते.

मुलगा म्हणाला की घशात खवखवतेय. आईने मोबाइलवरचा कागद वडिलांसमोर धरला आणि चर्चा तिथेच संपली. तोंडी सांगून जे पटले नसते ते डॉक्टरांच्या अक्षरातील दोन ओळींनी पटले. लेखी सूचनेचा उपयोग रुग्णालयापेक्षाही आधी घरातल्या माणसांसाठी असतो तो असा.

वाहनाचा प्रश्न राहिला. 108 ची रुग्णवाहिका राज्यभर मोफत मिळते, आणि श्वास लागला असता किंवा मुलगा मलूल झाला असता तर तीच बोलावणे योग्य ठरले असते, कारण वाटेत उपचार सुरू होऊ शकतात. इथे मुलगा व्यवस्थित बोलत होता आणि रुग्णालय गावातच होते. मालकांच्या मुलाने गाडी काढली. आईने मुलाला चालू दिले नाही, वडिलांनी त्याला उचलून गाडीत आडवे ठेवले. अशा वेळी रुग्णाने एकदम उठून उभे राहणे किंवा धावणे टाळावे, हे तिला त्याच कागदामुळे ठाऊक होते.

रुग्णालयात पोहोचताच मुलाला उलटी झाली. ठाऊक असलेला ॲलर्जीकारक पदार्थ पोटात गेल्यावर त्वचेबरोबर दुसऱ्या एखाद्या अवयवसंस्थेलाही त्रास झाला, तर त्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, समजून उपचार करतात, मग रुग्ण वरकरणी कितीही ठीक दिसो. ड्यूटीवरील डॉक्टरांनी वेळ न घालवता मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिन दिले. लहान मुलांत त्याची मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.01 मिलिग्रॅम असते. मुलाचे वजन 25 किलो होते, म्हणून पाव मिलिग्रॅम. काही मिनिटांत गांधी फिक्या पडू लागल्या आणि पोटातील मुरडा थांबला.

आईने आधी दिलेले औषध चुकीचे नव्हते, पण त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. पित्ताचे औषध खाज आणि गांधी कमी करते. आवळत चाललेली श्वासनलिका ते मोकळी करत नाही आणि घसरता रक्तदाब सावरत नाही. ते देऊन वाट पाहत बसलेल्या माणसाला त्वचा सुधारलेली दिसते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही.

परिणाम

पहिल्या झटक्यानंतर काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटण्याची शक्यता असल्यामुळे मुलाला रात्रीपर्यंत देखरेखीखाली ठेवले आणि मग सोडले. पुन्हा काही झाले नाही. किल्ला दुसऱ्या दिवशी पाहून झाला. उरलेल्या मुक्कामात मुलाचे जेवण मुक्कामाच्या घरीच झाले.

खानावळीने त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत, हे कुटुंबाला अवघड वाटले; वडिलांनी दुसऱ्या दिवशी जाऊन ते आग्रहाने दिले. त्या भेटीत मालकीणबाईंनी जे बदल ठरवले ते साधे होते आणि पुढे टिकलेही. डोकी टोपात पडण्यापूर्वी वाटपाचा एक लहान टोप बाजूला काढला जातो आणि त्यात फक्त माशांचे तुकडे घालून वेगळी आमटी होते; ती मागणारे कोणी आले नाही तर घरची माणसे जेवतात. किसमूर ताटात आपोआप न वाढता विचारून वाढतात. आणि नावे लिहायच्या वहीत माणसांच्या संख्येपुढे ‘कशाने त्रास होतो?’ असा रकाना आखला आहे, जो रांगेत असतानाच भरून घेतला जातो. तव्याचे काही करता आले नाही. तळलेली सुरमई कोळंबीपासून वेगळी ठेवता येणार नाही, हे त्या आता विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतात. माझ्या मते हा नकार इतर सर्व बदलांपेक्षा मोलाचा आहे, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणणे चालत्या धंद्यात सर्वांत जड जाते.

काय वेगळे करता आले असते

चूक कोणाची, या प्रश्नाने इथे फारसे हाती लागत नाही. काकांनी सांगितले होते, मालकांनी ऐकले होते, वाढणाऱ्या मुलाने रोजच्या पद्धतीने वाढले होते. जे चुकले ते निरोपाच्या वाटेत. चुलीपाशी असलेली माहिती गल्ल्यापर्यंत येत नव्हती आणि आईपाशी असलेली काकांपर्यंत गेली नव्हती. वाहत्या गर्दीत या दोन टोकांची गाठ पडणे अवघड असते, म्हणून ती गर्दीच्या आधीच घालून द्यावी लागते. नावाजलेल्या खानावळी सकाळी दहा-साडेदहाला फोन उचलतात, त्या वेळी मासळी साफ होत असते आणि रांधणारी व्यक्ती बोलायला मोकळी असते. तेव्हा केलेला दोन मिनिटांचा फोन दुपारी दीडला गल्ल्यावर केलेल्या कोणत्याही विनंतीपेक्षा अधिक काम करून जातो. या कुटुंबाने मुक्काम, होडी आणि डॉल्फिन दाखवणारी फेरी आगाऊ ठरवली होती. जेवणाचा फोन केला असता तर कदाचित वेगळा छोटा टोप त्याच दिवशी निघाला असता.

रांगेतला तासही वाया गेला. बाहेर थांबलेल्या इतर मोठ्या माणसांपैकी कोणीही आजोबांजवळ बसू शकले असते आणि आई आत जाऊ शकली असती. कामांची वाटणी करताना जे ज्याला जमेल ते त्याने करावे एवढेच पाहिले गेले. मुलाच्या जेवणाची चौकशी हे काम दुसऱ्या कोणाला जमणारे नाही, हे आईनेही बोलून दाखवले नाही. त्याहून बरे म्हणजे ते काम निदान आणखी दोघांना शिकवून ठेवणे.

चौथा पर्याय, म्हणजे चौघांनी मुक्कामी जेवणे, इतक्या लवकर सोडायला नको होता असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो निष्कर्ष पटत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाला प्रत्येक समारंभातून वेगळे काढणे हाही एक त्रासच आहे, आणि कुळथाच्या पिठीचा मार्ग त्याच स्वयंपाकघरात दहा मिनिटांवर होता. प्रश्न आधी विचारला असता तर मुलगा सर्वांच्या पंगतीत बसून जेवला असता. फक्त सुरमई मिळाली नसती.

सुरमईवरून आईवडिलांचे अजूनही एकमत नाही. वडिलांचे म्हणणे असे की अख्ख्या माशातून नवा तुकडा कापून, वेगळा रवा आणि वेगळा छोटा तवा वापरून ती देता येईल. आई म्हणते की विळी, पाट आणि हात तेच राहतात आणि गर्दीच्या वेळी कोणीही त्यांवर लक्ष ठेवू शकत नाही. शांत दिवशी, समोर उभे राहून करून घेतले तर वडिलांचा मार्ग वापरता येण्याजोगा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आईच्या बाजूने उभा राहीन.

पुण्यात परतल्यावर ॲलर्जीतज्ज्ञांनी कुटुंबाला ॲड्रेनालिनची कुपी आणि खूण केलेली सिरिंज जवळ ठेवायला दिली आणि ती कशी वापरायची हे आई, वडील आणि काका या तिघांकडून करून घेतले. आईने एक कार्ड तयार केले, जे आता कोणत्याही खानावळीत गल्ल्यावर न देता चुलीपाशी दिले जाते. त्यावर लिहिले आहे: “या मुलाच्या पोटात कोळंबी गेल्यास जिवाला धोका आहे. सुंगटां, झिंगे, जवळा, सुकट, सोडे, खेकडा, शेवंड यांपैकी काहीही, त्यांचा रस किंवा ते ज्यात तळले ते तेल चालणार नाही. वेगळे भांडे शक्य नसेल तर कृपया तसे सांगा, आम्ही साधा भात आणि दही घेऊ.” तिसऱ्या आणि कालवे यांच्यातही ट्रोपोमायोसिन असते आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्या काहींना त्यांचाही त्रास होतो, म्हणून चाचणी होईपर्यंत ही दोन नावे कार्डाच्या तळाशी पेनने लिहिली आहेत.